उपकेंद्रातील स्तनतपासणी : आठ मिनिटे आणि ४७ दिवस

ज्या सेवेविषयी लिहीत आहे ती म्हणजे तीस वर्षांवरील स्त्रियांची गावपातळीवर होणारी मोफत स्तनतपासणी, आणि ठिकाण म्हणजे मराठवाड्यातील एक उपकेंद्र, ज्याच्या पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे लिहिलेले आहे. गावाचे, रुग्णालयांचे आणि तेथील माणसांचे नाव मी मुद्दाम देत नाही. जे उत्तम झाले ते एका बाईच्या हातामुळे झाले, पण जे रखडले त्याला कोणी एक माणूस जबाबदार नव्हता, आणि एका पाटीला दोष देऊन बाकीच्यांना मोकळे सोडण्याची माझी इच्छा नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वय ४६. धाकटी जाऊ ३८ वर्षांची आहे. तिला चार महिन्यांपासून डाव्या बाजूला गाठ लागत होती, आधी हरभऱ्याएवढी आणि मग बोराएवढी, आणि एका घरात राहूनही हे मला ठाऊक नव्हते. तिने तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवले होते. त्यांनी कापडावरून हात लावून पाहिला, “दुखत नाही ना, मग घाबरू नका” असे सांगितले आणि महिनाभराच्या ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. नेमके हेच वाक्य या आजाराच्या बाबतीत सर्वांत घातक आहे. स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि दुखत नाही म्हणूनच बाई शेतात जाते, भाकरी थापते, लग्नसराई उरकते आणि डॉक्टरांकडे पोहोचते तेव्हा गाठीवरची कातडी ओढली गेलेली असते.

हे बाहेर आले ते आशाताईंमुळे, म्हणजे गावातील आशा कार्यकर्तीमुळे. तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाचा एक तक्ता त्यांना घरोघरी जाऊन भरायचा असतो. त्याच्या पहिल्या भागात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातील आजार यांना गुण आहेत, आणि चारांपेक्षा जास्त गुण झाले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलावायचे असते. पुढच्या भागात लक्षणे आहेत : स्तनात गाठ, बोंडातून रक्तमिश्रित स्राव, आकारात बदल. यांपैकी एकालाही ‘होय’ असे उत्तर आले तर गुण कितीही कमी असोत, त्या बाईला लगेच पुढे पाठवायचे असते. तक्ता चांगला आहे, पण त्यातील शब्द आमच्या ओसरीवर चालत नाहीत. ‘स्तन’ हा शब्द आमच्याकडे बायका उच्चारत नाहीत. ‘छाती’ म्हटले की हृदयाचे दुखणे डोळ्यांसमोर येते. आणि ‘थान’ हा शब्द तान्ह्या लेकराच्या किंवा गाईम्हशींच्या बोलण्यात येतो, स्वतःच्या बाबतीत कोणी वापरत नाही. आशाताईंनी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारले, “अंगावर पाजतो तिथं कुठं हाताला काही लागतंय का गं?” चार महिने गप्प असलेली जाऊ तेव्हा बोलली. माझ्या मते या सगळ्या कार्यक्रमातील सर्वांत मोलाचा भाग हा प्रश्न होता, आणि तो कोणत्याही छापील कागदावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीही उपकेंद्रात गेलो. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी आयुर्वेदाच्या पदवीधर आहेत. गावात सगळे त्यांना मॅडम म्हणतात. खोली लहान, पण दाराला आतून कडी होती, खिडकीला पडदा होता, आणि आरोग्यसेविका सोबतीला उभ्या होत्या. मॅडमनी आधी पाळीची तारीख विचारली, कारण पाळी सुरू झाल्यापासून साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी स्तन मऊ असतात आणि हाताला नीट कळते. माझी तारीख त्यात बसत होती, जावेची बसत नव्हती. तरीही “गाठ लागते आहे म्हटल्यावर तारखेसाठी थांबायचं नाही” असे म्हणून त्यांनी तिला परत पाठवले नाही. हा विवेक मला फार महत्त्वाचा वाटला. ज्या स्त्रीला काहीच त्रास नाही तिची चाळणी-तपासणी करणे वेगळे, आणि जी गाठ घेऊन आली आहे तिचे निदान करणे वेगळे. दुसरीला शिबिराच्या, फेरीच्या किंवा पाळीच्या तारखेची वाट पाहायला लावणे ही चूक आहे.

तपासणी आधी डोळ्यांनी झाली : बसवून, हात खाली सोडून, मग कमरेवर दाबून, मग डोक्यावर नेऊन. कातडीला खळगा पडतो का, संत्र्याच्या सालीसारखी भोके दिसतात का, एका बाजूचे बोंड नव्याने आत ओढले गेले आहे का, हे पाहायचे असते. मग आडवे निजवून, हात डोक्याखाली घ्यायला सांगून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी लहान लहान गोल फिरवत त्या वरून खाली आणि खालून वर गेल्या, तिफणीने तासाला तास लावून पेरणी व्हावी तशा, मधे पट्टा न सोडता. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा दाब, हलका, मध्यम आणि बरगडीपर्यंत पोहोचणारा. शेवटी दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडावरची खळगी. माझ्या तपासणीला आठ मिनिटे लागली. घड्याळ समोरच होते. हात गरम होते, ही गोष्टही नोंदवण्यासारखी आहे.

याची तुलना मला काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सभागृहात झालेल्या शिबिराशी केल्यावाचून राहवत नाही. तेथे पडद्याऐवजी दोन बाकांवर चादर टांगलेली होती, रांग दारापर्यंत होती, ब्लाउजवरूनच तळहात फिरवून माझी तपासणी अर्ध्या मिनिटात आटोपली आणि कार्डावर ‘नॉर्मल’ असा शिक्का बसला. नोंदवहीत ही अर्ध्या मिनिटाची आणि ती आठ मिनिटांची अशा दोन्ही तपासण्या एकसारख्याच मोजल्या जातात. वाईट तपासणी ही न केलेल्या तपासणीपेक्षा वाईट असते, असे माझे मत झाले आहे, कारण तो शिक्का पाहून पुढची दोन वर्षे मी स्वतःकडे लक्षच दिले नाही.

हाताने केलेल्या तपासणीवर विश्वास का ठेवावा, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, हीच का करू नये, असा प्रश्न शहरातील माझ्या नणंदेने विचारला. त्याचे उत्तर आपल्याच राज्यात शोधले गेले आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित प्राथमिक आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या, आणि वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात आजार पुढच्या टप्प्यात, म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत, सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हे काम तज्ज्ञ डॉक्टरांनी केले नव्हते, शिकवून तयार केलेल्या सेविकांनी केले होते, आणि त्यासाठी यंत्र लागले नाही, वीज लागली नाही. शिवाय आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो, आणि तरुण वयात स्तनाचा पोत दाट असल्यामुळे मॅमोग्राफीच्या चित्रात गाठ लपून राहू शकते. तेव्हा गावोगावी यंत्रे नेण्यापेक्षा गावोगावी हात तयार करणे मला शहाणपणाचे वाटते.

परंतु याच अभ्यासाचे दुसरे टोक लपवू नये. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मृत्यू कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. आजार आधीच्या अवस्थेत सापडला, एवढाच लाभ दिसला. आणि मुंबईतील तपासणी दर दोन वर्षांनी होती, तर सरकारी कार्यक्रमात ती ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी आहे. ज्या अंतराने लाभ सिद्ध झाला त्याच्या अडीचपट अंतर ठेवून तेवढ्याच लाभाची अपेक्षा करणे हे वर्गात पाढे शिकवणाऱ्या मला तरी पटत नाही. मॅडमना मी हे विचारले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “पाच वर्षांनी या असं कागदावर आहे, पण तुम्ही वर्षातून एकदा आलात तर मी दार लावून घेणार नाही.”

अर्थात ही पाच वर्षांची फेरीसुद्धा बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला आलेली नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झालेल्या केवळ ०.९ टक्के होत्या. म्हणजे शंभर बायकांच्या मेळाव्यात एकही भरत नाही. आणि २०२२ सालचा जागतिक अंदाज असा आहे की त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा कर्करोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने गेल्या. आणखी एक अडचण आहे, जी बैठकीत फारशी कोणी बोलत नाही. समुदाय आरोग्य अधिकारी पुरुष असेल तर आमच्याकडील एकही बाई तपासणीला कपडे काढणार नाही. अशा ठिकाणी सगळे काम आरोग्यसेविकेवर येते, आणि तिच्याकडे लसीकरण, गरोदर माता आणि नोंदी आधीच आहेत. शेजारच्या गावी हीच स्थिती आहे, म्हणून तेथील बायका आमच्या उपकेंद्रात येतात.

आता चिठ्ठीनंतरची हकिगत. जावेच्या डाव्या स्तनात वरच्या बाहेरच्या बाजूला गाठ आहे, घट्ट आहे, पण बोटांखाली सरकते, काखेत काही लागत नाही, असे मॅडमनी लिहिले आणि तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवले. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण साधी आहे हे हाताने ठरवता येत नाही, म्हणून तीन पायऱ्या पुऱ्या करायच्या, हेही त्यांनी समजावून सांगितले : हाताची तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि मग जाड सुईने गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाहणे. इथपर्यंत सेवेला नाव ठेवायला जागा नव्हती.

सहाव्या दिवशी आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो. सोनोग्राफीचे यंत्र होते, ते चालवणारे डॉक्टर आठवड्यातून एक दिवस येत, आणि तो दिवस आदल्या दिवशी होऊन गेला होता. पुढच्या आठवड्यात ते रजेवर होते. एकोणिसाव्या दिवशी सोनोग्राफी झाली, गाठ २.३ सेंटिमीटरची, भरीव, आणि सुईने तपासून घ्यावी असा शेरा. चोविसाव्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सा विभागाच्या रांगेत उभे राहिलो तेव्हा तेथील तरुण डॉक्टरांनी उपकेंद्राची चिठ्ठी पाहिली, बाजूला ठेवली आणि सगळे पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. सुई लागली ती एकतिसाव्या दिवशी. तुकडा दुसऱ्या गावच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेला, आणि अहवाल हातात पडला तो ४७ व्या दिवशी. या प्रत्येक ठिकाणी कोणी उर्मट वागले नाही, कोणी पैसे मागितले नाहीत. फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, ती आमची होती. पाच वेळा एस.टी.ने जाणे-येणे झाले आणि जावेच्या पाच दिवसांच्या मजुरीवर पाणी पडले. ती एकटी असती, सोबत रजा टाकून येणारी थोरली जाऊ नसती, तर एकोणिसाव्या दिवशीच तिने नाद सोडला असता, असे ती स्वतःच म्हणते.

एकतिसाव्या दिवसाच्या आदल्या रात्री घरात जे झाले तेही या परीक्षणात यायला हवे, कारण त्याची तयारी सेवा देणाऱ्यांनी आधी करून ठेवायला हवी होती. सासूबाईंनी सुई लावून घ्यायला साफ नकार दिला. “गाठीला लोखंड लागलं की ती पसरते, आमच्या बहिणीची तशीच पसरली,” हे त्यांचे म्हणणे, आणि ते आमच्या भागात घराघरांत ऐकू येते. त्यांच्या बहिणीची गाठ सुई लागली म्हणून पसरली नव्हती. सुई लागेपर्यंत ती पसरून झाली होती. पण हे रात्री दहा वाजता सुनेने सासूला सांगून पटत नाही. मी मॅडमना फोन लावला, फोन स्पीकरवर ठेवला, आणि त्यांनी दहा मिनिटे सासूबाईंशीच बोलून सांगितले की या तपासणीच्या सुईने कर्करोग पसरत नाही, उलट ती न केल्यामुळे उपचार कोणता करायचा हेच ठरत नाही. चिठ्ठी देतानाच घरातील मोठ्या माणसाला बोलावून हे सांगण्याची पद्धत असती तर किती बरे झाले असते.

पैशांचे थोडक्यात : उपकेंद्रातील तपासणी, सोनोग्राफी आणि सुईची तपासणी यांना एक रुपयाही लागला नाही. एकोणीस दिवस थांबायला नको म्हणून खाजगी सोनोग्राफी करावी असे मनात आले होते. तालुक्याला तिचे १,२०० रुपये सांगितले, आणि जावेने मान हलवली. आजार निघालाच असता तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि तिच्या यादीतील रुग्णालयांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार होतात, ही माहिती आशाताईंनी पहिल्याच दिवशी दिली होती, आणि त्या एका माहितीने जावेचा नवरा सोबत यायला तयार झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली या आजारासाठी जी उद्दिष्टे सांगितली त्यांत एक असे आहे की रुग्ण पहिल्यांदा आरोग्यसेवेकडे आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे. त्या मापाने आमचे ४७ दिवस उत्तीर्ण ठरतात, निदान उपकेंद्रापासून मोजले तर. तालुक्याच्या डॉक्टरांकडून मिळालेल्या त्या गोळ्यांच्या दिवसापासून मोजले तर मात्र आम्ही केव्हाच नापास झालो होतो. तपासणीची सुरुवात कोठून धरायची हा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो : प्राथमिक सेवा म्हणजे केवळ सरकारी उपकेंद्र नव्हे, आमच्याकडे बाई आधी ज्या खाजगी दवाखान्यात जाते तोही त्यात आला पाहिजे, आणि तेथील डॉक्टरांनाही गाठ दिसली की गोळ्या न देता चिठ्ठी द्यावी लागेल.

हे अशक्य आहे असे मला कोणी सांगू नये. आमच्यापासून फार लांब नसलेल्या बार्शीत, नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्ते गावोगावी जाऊन लक्षणे सांगत, संशयित रुग्णाला रुग्णालयापर्यंत आणत, आणि पुढे काय झाले ते नोंदवत. त्या भागात गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला तो यामुळे. त्यांच्या कामात नोंद रुग्णाच्या मागोमाग चालत होती. आमच्या बाबतीत रुग्ण नोंदीच्या मागे धावत होता.

गुण द्यायचेच असतील तर आशाताईंच्या प्रश्नाला पाचांपैकी पाच, उपकेंद्रातील तपासणीला साडेचार, आणि अर्धा गुण कापला तो सासूबाईंसाठी. चिठ्ठीनंतरच्या प्रवासाला दोन, तेही सगळे मोफत झाले म्हणून. जाणाऱ्यांनी पुढून उघडणारे झंपर किंवा ब्लाउज घालून जावे, पाळीची तारीख लक्षात ठेवावी, तपासणी कापडावरून होऊ लागली तर “नीट तपासा” असे स्पष्ट म्हणावे, सोनोग्राफीचे डॉक्टर कोणत्या वारी येतात हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे, आणि गाठ स्वतःला लागली असेल तर कोणत्याही फेरीची वाट न पाहता जावे.

जावेची गाठ साधी निघाली, फायब्रोअ‍ॅडिनोमा. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले आहे आणि तिने कालनिर्णयावर त्या तारखेला लाल पेनाने गोल केला आहे. अहवालाची झेरॉक्स द्यायला आम्ही उपकेंद्रात गेलो तेव्हा मॅडमनी नोंदवही काढली. जावेच्या नावापुढे ‘पुढे पाठवले’ असे लिहिलेले होते आणि त्यापुढचा रकाना कोरा होता. त्या पानावर तिच्या वर आणखी तीन नावे होती, त्यांच्यापुढचाही रकाना कोराच होता. मॅडमनी आमचा निकाल लिहिला, आशाताईंना हाक मारली आणि त्या तिघींची गावे विचारली.